काहीच न काढणारे डॉक्टर

माझ्या एकादशीच्या डब्यापायी एका धडधाकट पैलवानाचा अर्धा जबडा जाणार होता. ही कबुली आधीच देऊन टाकते. म्हणजे पुढं डॉक्टर बागवानांबद्दल मी जे काही तिरकस लिहीन, ते वाचताना त्या दवाखान्यातलं खरं गाढव कोण होतं हे तुमच्या ध्यानात राहील. मी तेव्हा मॅट्रिक पास होते. दौंडातल्या ज्या कुणाला ही बातमी अजून कळली नव्हती, त्याला ती कळवण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं.

लग्न होऊन शिरूरहून दौंडला आले ती पंचावन्न-छप्पनच्या सुमारास. यजमान रेल्वेत बुकिंग क्लार्क. ते तिकिटं विकायला गेले की मी दिवसभर भिंतीकडे बघायची आणि भिंत माझ्याकडे. अशात कळलं, स्टेशनाकडच्या गल्लीत दातांचे एक डॉक्टर आहेत आणि त्यांना इंग्रजी लेबलं वाचता येणारं माणूस हवं आहे. मी गेले. जाताना मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेऊन गेले. डॉक्टरांनी ते उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "रगत बघून चक्कर येती का?"

"नाही."

"मग हे कागूद घरी ठेवा. उद्यापास्नं या, मॅट्रिकबाई."

तेव्हापासून मी मॅट्रिकबाई. मला वाटलं, मान देतायत. हे वाटणं वर्षभर टिकलं.

डॉक्टर बागवान मूळचे तळेगाव ढमढेऱ्याचे. वडिलांचा फळांचा धंदा. हे मुंबईला शिकून आले, पण बोलणं आले तसंच तळेगावच्या बाजारातलं ठेवलं. मुंबईहून आणलेलं इंग्रजी ते फक्त औषधांच्या कंपन्यांना शिव्या देताना वापरत. उंच, काटकुळे, पांढराशुभ्र बंद गळ्याचा कोट आणि नाकावर घसरलेला चष्मा. दवाखाना सोडावॉटरच्या दुकानाच्या माथ्यावर. पेशंटची खुर्ची मूळची न्हाव्याची होती, पाठ मागं पडणारी. नवीन पेशंट तीवर बसला की हमखास हनुवटी वर करायचा, आणि डॉक्टर शांतपणे सांगायचे, "दाढी खालच्या चौकात. हितं निस्तं तोंड." दात कोरायचं यंत्र पायानं चालवायचं होतं, शिलाई मशीनसारखं. एक्स-रेचं यंत्र कुणा विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून जुनं घेतलेलं. ते लावलं की खालच्या दुकानातला दिवा मिणमिणायचा आणि सोडावाला वरच्या दिशेनं ओरडायचा, "डॉक्टरसाब, फोटो निकाल्या क्या?"

डॉक्टरी धीर देणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. एखादी बाई खुर्चीत थरथरायला लागली की कुणीही शहाणा डॉक्टर म्हणेल, घाबरू नका. हे म्हणायचे, "घाबरा. खुशाल घाबरा. पन तोंड उघडं ठिवून घाबरा." आणि गंमत म्हणजे बाई निमूट तोंड उघडायची. मी एकदा त्यांना सुचवलं, की गोड बोललं तर पेशंट वाढतील. ते म्हणाले, "पेशंट वाढवायला मी काय कोंबड्या पाळल्यात?"

त्यांचा जीव रमायचा तो जबड्याच्या हाडात. साधा किडका दात आला की चेहरा आंबट. पण कुणाचा गाल आतून फुगलेला दिसला, हाड वर आलेलं दिसलं, की यांचा चष्मा आपोआप नाकावर वर सरकायचा. आधी बोटाच्या पेरानं जबडा वाजवून बघायचे. त्यांचे वडील कलिंगड वाजवायचे तसा, कान तिरका करून. मग मला खाली पिटाळायचे बर्फ आणायला. सोडावाल्याकडून बर्फाचा खडा आणायचा, चिमट्यात धरायचा आणि सुजेवरच्या एकेका दाताला लावायचा. दात झिणझिणला तर जिवंत, नाही झिणझिणला तर मेलेला. मेलेल्या दाताच्या मुळाशी हाडात पाण्याची पिशवी धरते, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "दात मेला तर त्याचं पाप. दात जिता असंल तर त्याला सुळावर देऊ नका, दुसरा चोर शोधा."

एका गावच्या आप्पांना हा बर्फ इतका मानवला, की ते पुढच्या आठवड्यात परत आले. म्हणाले, "डॉक्टर, ते गार औषीद लई लागू पडलं. आनखी एक डोस द्या." डॉक्टरांनी गंभीरपणे दिला. वर म्हणाले, "खाली दुकानात मिळतं. लिंबू घालून घ्या, गुण जास्त."

एकदा एका इंजिन ड्रायव्हरच्या जबड्यात अशी पिशवी निघाली. डॉक्टरांनी सुई घातली आणि पिवळसर पाणी ओढून घेतलं. मी तोंड फिरवलं. हे मात्र सुई घेऊन खिडकीशी गेले. "या हिकडं. बघा." त्या पाण्यात बारीक चकचकीत कण तरंगत होते, उन्हात जरीसारखे चमकत होते. "ह्ये दिसलं म्हंजी बरीक साधी पिशवी. वंगाळ काय न्हाई." डॉक्टर त्याकडे सराफासारखे बघत उभे. ड्रायव्हर बिचारा खुर्चीत तोंड वासून, आपल्या जबड्यातून सोनं निघालं की काय या विचारात.

वंगाळ काय नाही, हे सांगायला ते कधी चुकत नसत. फक्त ते अशा आवाजात सांगत, की माणसाला वाटावं, याला वंगाळ काही निघालं नाही म्हणून वाईट वाटतंय.

शिरूरच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं शिरूरला जात असू. एका कापडदुकानाच्या मागच्या खोलीत डॉक्टर पेशंट बघत. मला फुकटात माहेर मिळे, म्हणून मी या दौऱ्याची भलती समर्थक. पण त्याच बाजारात एक दातवाला बसायचा. जमिनीवर चादर, चादरीवर उपटलेल्या दातांचा ढीग. हा ढीग हीच त्याची पदवी. लोक ढीग बघायचे आणि त्याच्यापुढं बसायचे. आमच्या डॉक्टरांकडं दाखवायला काय? भिंतीवरचं मुंबईचं सर्टिफिकेट. त्याला दाढा नव्हत्या. उलट दहांतल्या सहांना हे सांगायचे, "दात चांगला हाय, काढत न्हाई, जा." लोक खाली मान घालून जायचे ते थेट चादरीपुढं. मला हे फार लागायचं. माझ्या डॉक्टरांची बाजारात किंमत होत नाही, आणि त्यांना त्याचं काहीच नाही! मॅट्रिकच्या बुद्धीला असं वाटायचं, की यांचं नाव सांभाळणं हे आता माझ्यावर आलं आहे.

आणि मी ते सांभाळलं. आता ऐका कसं.

श्रावणातल्या एका शुक्रवारी वडगाव रासाईची माणसं दौंडला आली. संपत नावाचा अठरा-एकोणीसचा पैलवान, त्याचे आजोबा म्हणजे आबा, आणि त्याचा चुलता. घरची शेतीवाडी मोठी, आबांचा गावात शब्द मोठा. संपतला कुस्तीत जबड्यावर मार बसला होता आणि मागाहून खालचं हाड एका बाजूला जरा फुगलं होतं. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच घरचे घाबरले होते. डॉक्टरांनी जबडा वाजवला. बर्फ लावला, सगळे दात टणाटण जिवंत. एक्स-रे काढला, खालून सोडावाला ओरडला. फोटोत हाडाच्या आत मोठा काळा पोकळ डाग, दातांच्या मुळांमधून वर शिरलेला. सुई घातली, हवा आली आणि थेंबभर पाणी.

डॉक्टर खूश. म्हणजे चष्मा वर.

त्याच दिवशी गाल बधिर करून त्यांनी हिरडी उचलली आणि हाडाला बारीक खिडकी पाडली. मला म्हणाले, "बॅटरी धरा, आन् बघा आत." मी वाकून बघितलं. आत काहीच नव्हतं. पिशवी नाही, पाणी नाही, गाठ नाही. घासूनपुसून ठेवलेल्या रिकाम्या कोनाड्यासारखं स्वच्छ हाड. "ह्येला म्हणत्यात पोकळी. निस्ती." असं म्हणून त्यांनी आतल्या भिंती हलक्या खरवडल्या. रक्त आलं, पोकळी भरली, आणि त्यांनी वरून टाके घातले. हेच औषध. रक्ताची गुठळी होते, तिचं हळूहळू हाड होतं. काढायचं काही नाही.

हात धुऊन डॉक्टर बाहेर गेले आणि आबांना म्हणाले, "झालं. आत काय न्हवतं." आणि टोपी घालून जुम्म्याच्या नमाजाला निघून गेले.

आता आपल्याकडची रीत अशी, की पोटातला खडा असो, पायातला काटा असो की अंगावरची गाठ असो, जे काढलं ते घरच्यांना दाखवायचं. ते बघून माणसं मान हलवतात, एकमेकांना दाखवतात, आणि मग कुठं त्यांना ऑपरेशन झाल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी दाखवलं काय? पाठ.

आबा माझ्याकडं वळले. "बाई, काय न्हवतं म्हंजी?"

"म्हणजे... नव्हतं."

"येवढं फाडलं, आन् काय न्हवतं?" चुलता म्हणाला, "आबा, म्या म्हनलं व्हतं का न्हाई, त्यो चादरीवाला तरी हातात आणून देतुया!"

चादरीवाला! माझं डोकंच फिरलं. मी आत गेले. त्या दिवशी एकादशी होती. माझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, गार होऊन गोळा झालेली. मी एक औषधाची रिकामी बाटली घेतली, मिठाचं पाणी घातलं, खिचडीचा चांगला लिंबाएवढा गोळा आत सोडला आणि वरून लाल औषधाचे दोन थेंब. खरं सांगते, इतकी देखणी गाठ मी पुढं आयुष्यात पाहिली नाही. पांढरट, गुळगुळीत, मधेमधे तांबूस शिरा. बाहेर नेऊन आबांच्या हातात दिली. "डॉक्टर गडबडीत विसरले. हे निघालं."

आबांचा चेहरा उजळला. चुलत्यानं बाटली उजेडात धरली आणि आदरानं म्हणाला, "अगागागा!" ते समाधानानं गेले. मी उरलेली खिचडी खाल्ली. नमाजाहून डॉक्टर परतले तेव्हा मी इतक्या नम्रपणे चिमटे उकळत होते, की त्यांना शंका यायला हवी होती.

टाके काढायला संपत आला नाही. पुढच्या शिरूरच्या बाजाराला वडगावचाच एक गृहस्थ दात दाखवायला आला. दात खरोखरच मेलेला होता, काढायचं ठरलं. तर म्हणतो कसा, "डॉक्टर, माझा दात पन बाटलीत घालून द्या बरं का. संपतच्या गाठीवानी."

डॉक्टरांचा हात थांबला. "कसली गाठ?"

"अवो, आख्खं गाव बघून आलंय! आबांनी देवळीत ठिवलीया. आन् नवल असं, बाटलीत असून बी वाढाय लागलीया. दुप्पट झालीया. संपतचा गाल बी सुजलाय. आबा म्हनले, बाटलीत इतकी वाढती, तर आत ऱ्हायलेलं मूळ किती वाढत असंल! चुलता पुण्याला जाऊन आला. तिथला मोठा डॉक्टर म्हनला म्हनं, गाठ परत धरत असंल तर अर्धा जबडा काढावा लागंल. सोमवारी नेत्यात त्याला."

साबुदाणा पाण्यात फुगतो, हे मला माहेरी-सासरी सगळीकडं शिकवलं होतं. आणि टाक्यांनंतर गाल काही दिवस सुजतोच, हे डॉक्टरांनी शिकवलं होतं. दोन्ही विद्या एकत्र करण्याएवढी माझी मॅट्रिक पोचली नव्हती.

डॉक्टरांनी त्या माणसाचा दात काढला. कापूस चावायला दिला. त्याला वाटेला लावलं. मग हात पुसत विचारलं, "काय घातलं व्हतं?"

"साबुदाण्याची खिचडी."

"उपास कसला?"

"एकादशी."

"दाण्याचा कूट व्हता?"

"होता."

"तरीच. हाडाचा चुरा वाटला आसंल त्यास्नी." एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली. "चला."

एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढं बैलगाडीनं. वाटभर मी मनात उत्तरं तयार करत होते. तुमच्याच नावासाठी केलं, वगैरे. प्रश्नच आला नाही, त्यामुळं सगळी उत्तरं फुकट गेली.

आबांच्या पडवीत माणसं जमली. संपत भिंतीला टेकून बसलेला, गाल फुगलेला, आणि डोळ्यांत सोमवार. त्याची आई दाराआड. डॉक्टर उभ्यानंच म्हणाले, "आबा, आम्ही तुमाला फसवलं. बाटलीत गाठ न्हाई. खिचडी हाय."

आम्ही! मला वाटलं होतं माझं नाव घेतील. ते 'आम्ही' माझ्या अंगावर चाबकासारखं बसलं.

आबा हसले. "डॉक्टर, म्या काय खुळा हाय? डोळ्यानं बघितलंय." आणि त्यांनी देवळीतली बाटली पुढं केली. खरंच दुप्पट झाली होती. माझ्या हातचं कुठलंच पक्वान्न इतकं बहरलं नव्हतं.

"मग आमच्या बाई हितंच दुसरी गाठ करून दावतील," डॉक्टर म्हणाले. दाराआडच्या आईला म्हणाले, "माय, मूठभर साबुदाणा असंल का?"

आता साबुदाणा काही मॅट्रिकसाठी लवकर भिजत नाही. सगळं घर बसून राहिलं. वीसेक माणसं एका वाटीकडं बघतायत आणि वाटीमागं मी. तेवढ्यात डॉक्टरांनी संपतचे टाके काढले, हिरडी तपासली, आणि त्याला सांगितलं, "सूज टाक्याची हाय, उतरंल." मग मी आबांच्या चुलीवर, त्यांच्या सुनांच्या देखत, खिचडी परतली. एक सून म्हणाली, "मिरची न्हाई घालायची का, गाठीत?" मी गोळा केला, पाण्यात सोडला, लाल थेंब टाकले. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या. एक म्हातारी, आणि ही तिची तान्ही लेक. संपतची आई पुढं आली, दोन्ही बाटल्यांकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावून जी हसायला लागली ती हसता हसता रडायलाच लागली.

आबा मात्र हसले नाहीत. ते आता खरे चिडले. "मग आत काय व्हतं, ते सांगा!"

"काय न्हाई."

"मग फाडलं कशाला?"

डॉक्टर जोत्यावर बसले. "आबा, विहिरीला पानी न्हाई म्हनून तुमी सुरुंग लावता. आतनं काय काढून आणता? पानी? न्हाई. निस्ता झरा मोकळा करता, पानी आपलं आपुन येतंय. म्या पोराच्या हाडात तेच केलं. रगत आलंय. त्याचं हाड हुईल. होळीपतूर थांबा. होळीला फोटू काढू. न्हाई भरलं, तर म्या सोता त्याला पुण्याला नेतो. पन चांगलं हाड कापून टाकू नका, आबा. ते परत येत न्हाई."

 शेवटी बोलला तो संपत. सुजलेल्या तोंडानं, जेवढं जमेल तेवढं. "आबा, म्या थांबतो."

सोमवारची गाडी रद्द झाली. पण होळीपर्यंतचे ते महिने मी कसे काढले ते मला विचारू नका. दर बाजाराला मी वडगावच्या माणसांची तोंडं वाचायची. कुणी नुसतं खोकलं, तरी मला जबडा गेल्यासारखा वाटायचा. डॉक्टर नेहमीसारखेच. तोंड उघडं ठेवून घाबरायला आता मीच शिकले.

होळीच्या आधी संपत आला, आबांसकट. गाल सपाट. एक्स-रे निघाला, सोडावाला ओरडला. डॉक्टरांनी नवा फोटो खिडकीवर धरला. जिथं काळा डाग होता तिथं राखाडी, दाणेदार हाड भरून आलं होतं. आबांनी चष्मा लावून फार वेळ शोधलं.

"डॉक्टर, ह्यात तर काहीच न्हाई की!"

"आत्ता कसं बोललासा," डॉक्टर म्हणाले.

संपत पुढं जत्रांतून कुस्त्या मारत राहिला, असं कानावर आलं. आबांनी डॉक्टरांना ऊस पाठवला आणि मला अर्धा शेर साबुदाणा. निरोप असा, की बाईंना धंद्याला लागंल.

साठ सालाच्या पुढंमागं यजमानांची भुसावळला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेले. पेशंट नव्हता. डॉक्टर खिडकीशी उभे राहून कुणाच्या तरी जबड्याचा फोटो उन्हात धरून बघत होते, कोटाच्या बाह्या वर दुमडलेल्या. माझ्याकडं न वळता म्हणाले, "भुसावळला उकडतं म्हनत्यात." मी म्हटलं, हो. मग उगाच टेबल पुसलं. मग धीर करून विचारलं, की वडगावच्या त्या प्रकरणानंतर तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, काढून टाकलं नाहीत. निदान आज तरी रागावून घ्या. त्यांनी फोटो खाली घेतला. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, त्या भोकात तुमीबी बघितलं व्हतं. आत काय न्हाई, हे आख्ख्या तालुक्यात दोघांनाच ठावं व्हतं. म्या नमाजाला गेलो तवा मनात म्हनलं, माझ्या बाजूनं एक माणूस हाय तिथं."